गवताच्या उंचीवरून

ऑगस्ट संपत आला की आमच्या बेस्ट नावाच्या डच गावात कापलेल्या गवताचा वास सुटतो. उन्हाळाभर मोकळी पडलेली फुटबॉलची मैदानं क्लबची म्हातारी माणसं छोट्या ट्रॅक्टरवर बसून कापून घेतात. पांढऱ्या रेघा पुन्हा ओढल्या जातात, गोलच्या जाळ्या बांधल्या जातात. कामावरून सायकलने परतताना कालव्याच्या बाजूने तो वास अंगावर येतो, ओला, हिरवा, किंचित गोडसर. इतरांना तो नव्या सीझनचा वाटत असेल. माझा डावा जबडा ठणकायला लागतो.

डॉक्टर म्हणतात, दुखायचं काही कारण नाही. हाड जुळलंय, आतली धातूची पट्टी नीट बसलीय. पण हाडाला कॅलेंडर कळतं की काय कोण जाणे. पहिल्या सामन्याच्या आठवड्यात मी भाकरी डावीकडून चावत नाही.

त्या एका सीझनबद्दल मी फारसं बोलत नाही. आइंडहोवनच्या आसपासची आम्ही मराठी मंडळी गणपतीला जमतो तेव्हा कुणीतरी विषय काढतंच. "मीनल, ते तुझं फुटबॉलचं प्रकरण काय होतं गं?" मग माझा नवरा संदीप लगेच उठून सगळ्यांना आमटी वाढू लागतो, ज्यांच्या वाट्या भरलेल्या आहेत त्यांनाही.

मी कोल्हापूरची, एवढं सांगितलं की निम्मं कोडं सुटतं. आमच्याकडे दोन पेठांच्या फुटबॉल संघांचा सामना असला की दुपारीच दुकानांची शटर खाली यायची. बाबा बँकेत होते. त्यांचा आवाज इतका हळू की फोनवरचा माणूस नेहमी "जरा मोठ्यानं बोला साहेब" म्हणायचा. ते मला लहानपणी सामन्यांना घेऊन जायचे. उन्हाने तापलेल्या पायऱ्या, कागदाच्या पुडीतल्या खारट शेंगा, धुळीने कोरडा पडलेला घसा. एकदा रेफरीने आमच्या पेठेविरुद्ध पेनल्टी दिली. आधी शिव्या सुरू झाल्या, मग पाण्याच्या बाटल्या, मग विटांचे तुकडे. तो रेफरी मैदानाच्या मध्यावर उभा होता आणि त्याच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. पोलिसांनी त्याला ढालींखाली घेऊन पळवलं तेव्हा त्याच्या एका पायातला बूट निघाला होता. मी घाबरून बाबांचा हात धरायला वळले आणि माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दुसरी कुठाय?"

"हरवली," बाबा नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

हे मी पुढे विसरून गेले. लग्न झालं, संदीपला इथे चिपच्या मशिनरीच्या कंपनीत नोकरी लागली, मी त्याच्या व्हिसाला जोडून आले. आईला बरेच दिवस वाटायचं की बेस्ट म्हणजे मुंबईतल्या बसशी संबंधित काहीतरी असावं. इरा झाली, मोठी झाली, मराठीत विचारलेल्या प्रश्नांना डचमध्ये उत्तरं द्यायला लागली आणि एक दिवस म्हणाली की तिला फुटबॉल खेळायचाय. इथल्या क्लबांचा नियम असा की मूल खेळत असेल तर आईबापांनीही काही काम करायचं. मला पर्याय दिला होता. शनिवारी कँटीनमध्ये उकळत्या तेलात मांसाचे रोल तळायचे, नाहीतर मुलींच्या सामन्यांना शिट्टी वाजवायची. मी शाकाहारी. शिट्टी घेतली.

आणि मला ती आवडली, हे खरं. एक कोर्स केला, मग दुसरा. आधी मुली, मग मोठी मुलं, मग रविवारी खेळणारे बाप्ये. तेही खालच्या साखळीतल्या संघांचे, आठवडाभर फरशा बसवून, ट्रक चालवून, भिंती रंगवून आलेले. त्यांच्यात उभी राहिले की माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं. पण शिट्टी वाजली की ते थांबायचे. याचं मला दर वेळी नवल वाटायचं.

त्या वर्षी क्लबने मला शिकवायला कॉलिन दिला.

कॉलिन इंग्रज. पासष्टीच्या आसपासचा, लांब नाकाचा, दोन्ही गुडघ्यांनी कामातून गेलेला. अॅल्युमिनियमची काठी टेकत चालायचा. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या साखळीत त्याने कित्येक वर्षं रेफरी म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर दुसरी बायको आन्स हिच्या गावी, म्हणजे बेस्टला, येऊन राहिला. आन्स शाळेत शिक्षिका होती, तीही निवृत्त. गावातल्या बऱ्याच जणांना तो कोण आहे हे माहीतच नव्हतं. त्याला डच जेमतेम यायची, त्यामुळे बेकरीत तो बोटाने पाव दाखवायचा. मी त्याला इथल्या रिवाजाप्रमाणे नावाने हाक मारायचे. पहिले काही आठवडे मनातल्या मनात मात्र अहो-जाहोच चालायचं, मग तेही सुटलं.

तो रेषेबाहेर काठीवर रेलून माझा सामना बघायचा आणि नंतर थर्मासमधला चहा देत सांगायचा. "कुणी अंगावर धावून आला तर मागे सरकू नकोस. एक पाऊल दिलंस की तो दुसरं मागतो." आणि, "हात पाठीमागे बांध. समोर आलेले हात त्यांना आव्हान वाटतात." आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही, कुणालाही बोट लावायचं नाही.

त्याची कारकीर्द मला अशीच तुकड्यातुकड्याने कळली, चहाच्या कपामागून. तो बसड्रायव्हरचा मुलगा, उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या गावातला. पहिल्याच वर्षी एका खाणकामगाराने त्याचं नाक फोडलं आणि पुढच्या रविवारी तो पट्टी लावून पुन्हा उभा राहिला. आठवडाभर घरोघरी विजेचे मीटर वाचायचा, सुट्टीच्या दिवशी शिट्टी. वरवर चढत गेला. जसा चढत गेला तसा मारही मोठा झाला. प्रेक्षकांतून भिरकावलेलं नाणं कानशिलावर बसलं. तिथला खड्डा तो बोटाने चाचपून दाखवायचा. ड्रेसिंगरूमकडे जाणाऱ्या बोळात एका संघाच्या मॅनेजरने त्याचा गळा धरून त्याला भिंतीला टेकवलं होतं. जाकीट छान होतं त्याचं, कॉलिन म्हणाला, एवढंच आठवतं.

आणि एक गोल. धो धो पावसातल्या मोठ्या सामन्यात, अगदी शेवटी, त्याने एक गोल रद्द केला होता. त्या रात्री त्याच्या घराच्या काचेतून वीट आत आली. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या तोंडावर एक बाई थुंकली. आई पाव घेऊन घरी आली, तोंड पुसलं आणि त्याला काही सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. बाहेर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. पहिलं लग्न त्या हिवाळ्यात मोडलं.

"तो गोल तू नंतर टीव्हीवर पाहिलास?" मी विचारलं.

"कशाला? मी तिथेच होतो."

"आणि कधी उलटून मारावंसं नाही वाटलं? एकदाही?"

"नाही. ते माझ्या स्वभावातच नाही."

यात फुशारकी नव्हती. उंची सांगावी तसं सांगितलं त्याने.

त्या शरद ऋतूत मैदानं लवकर चिखलाळली. मला अजून तो चिखल आठवतो, बुटांना कणकेसारखा चिकटणारा, दर काही मिनिटांनी पाय जड करणारा. आणि त्या चिखलासारखंच दुसरंही काही साचत होतं. एका रविवारी एका खेळाडूने जाताजाता माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि सॉरी म्हणाला. दुसऱ्या रविवारी कुणीतरी थुंकलं, ते माझ्या बाहीवर पडलं. मी ते गवताने पुसलं. एका म्हाताऱ्याने मला रेलिंगवर वाकून, अगदी शांतपणे, आपल्या देशात परत जा म्हणून सांगितलं. त्याच्या हातात त्याच्या नातीची गुलाबी पाण्याची बाटली होती. सामना संपला की हीच माणसं बिअरचे ग्लास नाचवत गप्पा मारायची, मला कॉफी आणून द्यायची. मी घरी येऊन शर्ट गरम पाण्यात भिजवायचे. संदीप विचारायचा, "कसा झाला?" मी म्हणायचे, "बरा."

दिवाळीच्या आधीचा रविवार. आमचं बेस्ट आणि शेजारचं गाव यांचा सामना, ज्यांचं आजोबांच्या काळापासून पटत नाही. झेंड्याच्या खांबावर दोरी टणटण आपटत होती, पाऊस आडवा येत होता. सुरुवातीलाच एकाचा दात पडला. कोपर लागलं होतं, त्याने दात चिखलातून शोधला, खिशात टाकला आणि खेळत राहिला. मग एकाचं नाक. मी दोन्ही बाजूंना पिवळी कार्डं दाखवत होते आणि कार्डं भिजून बोटांना चिकटत होती. रेलिंगपाशी उभी असलेली माणसं आधी खेळाडूंना, मग एकमेकांना आणि मग सगळी मिळून मला शिव्या देऊ लागली. मला पेठेतली ती दुपार आठवली. वास वेगळा होता, ऊन नव्हतं, पण गर्दीचा गळा तोच.

दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्या संघाच्या रॉब नावाच्या बचावपटूने समोरच्या मुलाच्या पायावर मागून दोन्ही बूट घातले. रॉब फरशा बसवायचं काम करायचा, उंच, जड, पाठ दाराएवढी. तो आवाज मी विसरू शकत नाही. ओलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. पडलेला मुलगा ओरडला नाही, नुसता तोंड उघडून आकाशाकडे बघत राहिला. त्याची नडगी मध्येच वळली होती.

मी रेड कार्ड काढलं.

रॉब माझ्याकडे आला. धावत नाही, चालत. मी मागे सरकले नाही. कार्ड खिशात घातलं आणि हात पाठीमागे बांधले, शिकवलं होतं तसे. म्हणून पडताना मला हात पुढे आणता आले नाहीत.

ठोसा दिसला नाही. डोक्याच्या आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला, पांढरा उजेड झाला आणि मग माझा गाल चिखलात होता. तोंडात गरम पाणी भरलं होतं, ते रक्त आहे हे चवीवरून कळलं. दात एकमेकांना लागत नव्हते, खालचा जबडा कुणाचा तरी वेगळाच असावा तसा बाजूला गेला होता. मग पोटात बूट बसला. श्वास गेला तो परत येईना. वर पाहिलं तर रॉबने पाय पुन्हा मागे नेला होता, आणि या वेळी नजर माझ्या डोक्यावर होती.

तेव्हा कॉलिन आला. त्या गुडघ्यांनी तो रेलिंग ओलांडून एवढं अंतर कसा आला, मला आजही समजत नाही. त्याची काठी रॉबच्या मानेखाली बसली. रॉब आधी गुडघ्यांवर गेला, मग आडवा झाला, माझ्यासमोरच, हातभर अंतरावर. आम्ही दोघं एकाच चिखलात गाल टेकवून एकमेकांकडे बघत होतो. त्याचे डोळे निळे होते आणि आता त्यांत राग नव्हता. मघाच्या त्या मुलासारखेच ते रिकामे, आश्चर्याने उघडे होते.

कॉलिन थांबला नाही. काठी पुन्हा आली, कानावर. रॉबने हात डोक्यावर घेतले. काठी हातांवर आली. बोटं मोडल्याचा आवाज सुकी पानं चुरगाळल्यासारखा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुन्हा काठी. पुन्हा. कॉलिनच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, फक्त दर फटक्यासोबत एक हुंकार, ओझं उचलणाऱ्या माणसाचा. बाकी सगळे एकमेकांवर तुटून पडले होते. ज्यांनी थांबवायचं ते बुक्के मारत होते. काठी आता वाकली होती, तरी ती येतच होती, आणि रॉबचे डोळे मिटत चालले होते.

शिट्टी माझ्या मनगटाला बांधलेली होती. मी ती ओठांपर्यंत आणली. पहिल्यांदा नुसतं रक्त बुडबुडलं. मी थुंकले, ओठ आवळले. त्या वेळच्या कळेला मराठीत किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेत शब्द नाही. मग ती वाजली. बारीक, चिरकी, लांब.

सगळे थांबले. उगारलेल्या मुठी तशाच राहिल्या. कॉलिनचा हात डोक्यावर उचललेला होता, तो तिथेच अडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काठी खाली केली, दोन पावलं मागे गेला आणि हात पाठीमागे बांधून पावसात उभा राहिला. फक्त खांबावरची दोरी टणटणत होती.

त्यानंतरचे दिवस दवाखान्याचे. ऑपरेशन झालं, दात रबराने आवळून बांधले. दिवाळीला घरात चकलीचा वास भरला होता आणि मी स्ट्रॉने पातळ पेज ओढत होते. इराने माझ्यासाठी बेसनाचा लाडू दुधात कुस्करून गाळून आणला. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. डचमध्ये म्हणाली, "आता तू घरी राहशील ना?" बांधलेल्या दातांतून मला अजून बोलता येत नव्हतं, हे तेव्हा बरंच झालं.

रॉबची तीन बोटं मोडली होती, आणि एका कानाने त्याला ऐकू येईनासं झालं होतं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. कॉलिनचं काय, हा प्रश्न होता. आमच्या गावचे खेळाडू सांगत होते, म्हाताऱ्याने त्याला फक्त बाजूला केलं, बोटं गर्दीत तुडवली गेली. रॉबच्या गावचे म्हणत होते, तो जीव घ्यायलाच आला होता, पहिल्या फटक्याचीही गरज नव्हती. कुणाच्या तरी फोनमध्ये थोडं चित्रण होतं, त्यात नुसते पाय आणि किंकाळ्या. रेफरी म्हणून दोन्ही बाजूंचा नसलेला, जवळून बघणारा माणूस एकच होता. तो मी.

पोलीस जबाब घ्यायला येणार होते त्या सकाळी संदीप माझ्यासमोर बसला. संदीप घरात कोळी दिसला तर ग्लासात धरून बागेत सोडतो.

"तू एवढंच सांग की त्याने तुला वाचवलं," तो म्हणाला. "ते खरंच आहे."

"ते सांगणारच आहे," मी दातांतून म्हणाले. "पुढचंही सांगेन."

"पुढचं कशाला? त्या हलकटाने तुझं डोकं फोडलं असतं. कॉलिनने अजून चार घालायला हव्या होत्या. तू थांबवलंस कशाला, तेच मला कळत नाही." "मी असतो तर थांबलो नसतो, मीनल. कुणीही शिट्टी वाजवली असती तरी."

मला वाटतं तो स्वतःही दचकला. उठला, चहाचं आधण ठेवलं आणि गॅसकडे तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळाने आन्स आली. टोमॅटोचं सूप गाळून, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं तिने. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. कॉलिन झोपत नाही म्हणाली. जेवायला बसतो आणि ताटाकडे बघत राहतो. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुला एवढा मार लागला होता. तू बेशुद्ध होतीस असं म्हणालीस तर कुणी तुला खोटं म्हणणार नाही. खोटं तरी कसं म्हणायचं त्याला?"

"त्याने सांगितलंय का असं विचारायला?"

"नाही. मी इथे आलेय हेही त्याला माहीत नाही."

तिच्या हाताला सुपाची ऊब होती. त्या हाताखालून माझा हात काढून घेणं, हे मी त्या सबंध सीझनमध्ये केलेलं सगळ्यात कठीण काम.

दुपारी एक तरुण पोलीस आणि त्याच्याबरोबर एक बाई आली. मी सगळं सांगितलं. दात बांधलेले, त्यामुळे एकेक शब्द ओठांनी ढकलावा लागत होता. पहिला फटका बसला नसता तर मी आज बोलत नसते, हे सांगितलं. आणि रॉब आडवा झाल्यावर, हात डोक्यावर घेतल्यावर, काठी किती तरी वेळा आली हेही सांगितलं. तरुण पोलिसाने विचारलं, "तुम्ही जमिनीवर होतात. नक्की दिसलं?" मी म्हणाले, "जमिनीवर होते म्हणूनच दिसलं. तोही तिथेच होता."

हिवाळा लांबला. सुपरमार्केटमध्ये आन्सने मला पाहिलं आणि भाजीच्या रांगेतून ढकलगाडी वळवून नेली. क्लबच्या लोकांचं फोनवरचं बोलणं मी खोलीत आले की संपायचं. कुणी वाईट बोललं नाही, इथे तशी पद्धतच नाही. नुसतं हवामानाबद्दल बोलायचे. संदीप सहा वाजता घरी यायचा, माझ्यासाठी भाज्या उकडून मिक्सरमधून काढायचा, आणि आम्ही त्या विषयाला वळसा घालून इराच्या अभ्यासाबद्दल बोलायचो. रात्री कधी झोपेत माझे हात पाठीमागे जायचे. जाग यायची तेव्हा मनगटं आखडलेली असायची. कॉलिन मला भेटला नाही, फोन आला नाही. वकिलाने त्याला माझ्याशी बोलायला मनाई केली होती. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटायचं, त्याने मला तोडलं.

कोर्टात त्याची तारीख लागली तोवर झाडांना पालवी फुटली होती. मी मागच्या बाकावर बसले. संदीप येणार नाही म्हणाला होता. पण गाडी लावून तोही आत आला आणि शेजारी बसला. रॉब पलीकडे होता, बायकोसोबत. आधीच त्याला शिक्षा झाली होती. त्याचा हात अजून पूर्ण मिटत नव्हता आणि ऐकताना तो मान एका बाजूला कलती करायचा.

न्यायाधीश बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी माझा जबाब वाचून दाखवला. माझे तुटक शब्द त्यांच्या तोंडून सलग, स्वच्छ डचमध्ये उमटत होते. दुभाषी कॉलिनच्या कानाशी सगळं इंग्रजीत सांगत होता. कॉलिन नव्या, लाकडी काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्याच्या वकिलाने आधीच सांगितलं होतं की साक्षीदाराला डोक्याला मार लागला होता, तिच्या आठवणीवर विसंबता येणार नाही.

"साक्षीदार म्हणते ते बरोबर आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकील काही बोलायला लागला. कॉलिनने हात वर करून त्याला थांबवलं.

"शब्दन् शब्द बरोबर आहे," तो म्हणाला.

"तो पडलेला होता, प्रतिकार करत नव्हता, हे तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही मारत राहिलात. मग थांबलात का?"

कॉलिनला प्रश्नच समजला नसावा असं वाटलं. त्याने दुभाष्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे.

"रेफरीने शिट्टी वाजवली," तो म्हणाला.

दुभाष्याने ते डचमध्ये सांगितलं. रॉबने मान कलती करून ते ऐकलं आणि डोळे मिटले. संदीपने माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली.

कॉलिनला समाजसेवेची शिक्षा झाली, आणि त्याने रॉबला भरपाई द्यायची असं ठरलं. फुटबॉलवाल्यांनी त्यांच्या परीने वेगळी शिक्षा केली. कुठल्याही मैदानावर त्याला आता पाऊल टाकता येत नाही. मी अजून शिट्टी वाजवते, या रविवारीही माझा सामना आहे. इराने दोन वर्षं माझ्याशी या विषयावर भांडण केलं आणि यंदा स्वतःच रेफरीच्या कोर्सला नाव घातलं. मी तिला हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं, कोर्टाच्या बाहेरचं. ऊन पडलं होतं, संदीप माझ्या शेजारी होता. आन्स पायऱ्यांवर उभी होती. मला बघून ती वळली नाही. कॉलिन एकेक पायरी उतरत माझ्यापाशी आला. आम्ही त्या रविवारनंतर पहिल्यांदाच समोरासमोर उभे होतो.

"इतकी वर्षं मला वाटायचं तो माझा स्वभाव आहे," तो म्हणाला. "शर्ट होता तो. रेफरीचा शर्ट अंगावर होता तोवर मी तसा होतो."

मी मान हलवली. तो माझ्या जबड्याकडे बघत होता, डाव्या बाजूच्या व्रणाकडे. मग नेहमी सामन्यानंतर बघायचा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं, भुवया जरा वर करून.

"शिट्टी उशिरा वाजवलीस," तो म्हणाला.

"तोंडात रक्त होतं."

"तरीही."

आन्सच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला ओळखता आलं नाही. पायऱ्यांच्या पलीकडे रॉबची बायको त्याच्या कोटाची बटणं लावून देत होती, कारण त्याच्या बोटांनी ती लागत नव्हती. आम्ही चौघंही ते बघत उभे राहिलो.

"हो," मी म्हणाले. "उशिराच वाजवली."